कारळ्याचे दाणे आणि हिवाळ्यातले गोल्डफिंच

गोल्डफिंच हा अमेरिकेतल्या आमच्या न्यू जर्सीचा राज्यपक्षी. १९३५ साली त्याला हा मान मिळाला. उन्हाळ्यात नर इतका पिवळाधम्मक असतो की पक्ष्यांकडे कधी न बघणाऱ्याच्याही नजरेत भरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र तो अंगावरची पिसं झाडतो आणि नवी येतात ती भिजवलेल्या मुगाच्या सालासारखी, करडी-हिरवट. पंख तेवढे काळे आणि त्यांवर फिकट पट्टे. चोचीचा नारिंगी रंगसुद्धा जातो. त्याच्या कुळात वर्षातून दोनदा अंगावरची पिसं बदलणारा हा एकटाच. त्यामुळे होतं काय, की इथे वर्षानुवर्षं राहिलेली माणसंही म्हणतात, ‘थंडी पडली, गोल्डफिंच गेले.’ त्यातले काही जातातही, पण बरेच इथेच असतात, शिवाय कॅनडाकडूनही काही खाली येतात. थव्याथव्याने झाडांच्या शेंड्यांवर फिरत असतात आणि त्या रंगात कुणाच्या लक्षात येत नाहीत.

आमच्या घरात ते पहिल्यांदा सासूबाईंना दिसले. त्या जानेवारी २०२० मध्ये सहा महिन्यांसाठी नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि त्या इथेच अडकल्या. आम्ही दोघं घरून काम करत होतो, मुलीची शाळा पडद्यावर चालू होती, आणि आईंचा बराचसा दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जायचा. आमच्या मागच्या अंगणात स्वीटगमची दोन उंच झाडं आहेत. त्यांना काटेरी गोलसर फळं लागतात आणि पानं गळली तरी ती फळं फांद्यांना लटकत राहतात. ऑक्टोबरच्या शेवटी आई एका सकाळी म्हणाल्या, “अगं, त्या काटेरी बोंडांना काहीतरी उलटं लोंबकळतंय बघ.” दुर्बीण लावली तर गोल्डफिंच! बोंडाच्या भोकात चोच घालून बारीक बी ओढून काढत होते.

आईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. दुर्बीण धरून त्यांना फार वेळ बघता येईना. तेव्हा मी मनाशी ठरवलं, हे पक्षी शेंड्यावरून खाली आणायचे, खिडकीपाशी, आईंना खुर्चीत बसून नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या अंगणात कित्येक वर्षांपासून फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणा ठेवायची भांडी, आहेत. कुंपणाच्या पलीकडून, मास्क लावून, त्यांनी मला पहिला धडा दिला. दुकानात ‘वाइल्ड बर्ड मिक्स’ म्हणून जे स्वस्त पोतं मिळतं त्यात ज्वारी, राळा, मका यांचा भरणा असतो. त्यावर चिमण्या, पारवे आणि ग्रॅकल तुटून पडतात, पण गोल्डफिंचसारख्या फिंच पक्ष्यांच्या बारीक टोकदार चोचीला ते नको असतं. त्यांना हवं असतं तेलकट आणि बारीक बी. एक म्हणजे नायजर आणि दुसरं सोललेल्या सूर्यफुलाचे तुकडे. एवढ्या दोन गोष्टी घ्यायच्या, बाकी काही नाही.

जवळच्या एका मोठ्या दुकानातून नायजरची पिशवी आणली आणि ओट्यावर उघडली. काळे, चकचकीत, जिऱ्याहून बारीक दाणे. आईंनी चिमूटभर तळहातावर घेतले आणि म्हणाल्या, “ही तर खुरासणी! हिची चटणी करतो की आपण.” खरंच ते आपले कारळे होते. आईंचं माहेर पेठ तालुक्यातलं. तिथल्या डोंगरउतारांवर नागली आणि वरईबरोबर खुरासणी पेरतात, आणि पावसाळा सरता सरता सगळे उतार तिच्या फुलांनी पिवळे होतात. हे पीक मुळात इथिओपियाकडचं, पण आपल्याकडे इतकं जुनं झालंय की कुणाला परकं वाटत नाही. अमेरिकेत पक्ष्यांसाठी विकला जाणारा बहुतेक नायजर भारत, इथिओपिया आणि म्यानमारमधून येतो. सोबत अमरवेलीचं बी येऊन इथल्या शेतात माजू नये म्हणून तो १२० अंश सेल्सियसला पंधरा मिनिटं तापवूनच देशात घेतात. म्हणजे नाशिकच्या किंवा ओडिशाच्या आदिवासी शेतकऱ्याने पिकवलेलं बी समुद्र ओलांडून येतं आणि न्यू जर्सीच्या राज्यपक्ष्याला हिवाळ्यात जगवतं. मला याचा मनापासून आनंद झाला आणि अजूनही होतो.

पण आई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी दोन दाणे नखाखाली दाबले, बोट बघितलं, वास घेतला. “हिला तेलच सुटत नाही. जुनी आहे. चटणीलासुद्धा मी घेणार नाही.” कागदावर दाणे ठेवून वाटीच्या बुडाने रगडले. नुसती कोरडी पूड झाली, तेलाचा डाग उठला नाही. शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्यांनीही हेच सांगितलं. कारळ्यात तेल भरपूर, साल पातळ, त्यामुळे दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली पिशवी वाळते किंवा खवट होते. पक्षी येतात, एक दाणा चावून बघतात आणि जातात, आणि माणसाला वाटतं आपल्याकडे फिंच नाहीतच. त्या पिशवीतले थोडे दाणे मी फीडरमध्ये भरूनही बघितले. एकाही पक्ष्याने त्यांना चोच लावली नाही.

मग पक्ष्यांचा दाणा ठेवणाऱ्या एका छोट्या दुकानात फोन केला आणि नवा माल कधी आला ते विचारून, आला त्याच आठवड्यात लहान पिशवी घेतली. घरी आल्यावर आईंनी नखाने परीक्षा केली आणि ती पास झाली. तेव्हापासून आमच्याकडे नायजरची मोठी पिशवी येत नाही. महिनाभर पुरेल एवढीच घ्यायची, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची आणि डबा गॅरेजच्या थंड कोपऱ्यात ठेवायचा. (पक्ष्यांसाठीचा दाणा माणसाच्या खाण्यासाठी साफ केलेला नसतो, त्यामुळे त्याची चटणी करू नये. आईंना चटणीची आठवण झाली म्हटल्यावर आम्ही एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानातून वेगळे कारळे आणले. लसूण, लाल मिरच्या आणि मीठ घालून त्यांनी खलबत्त्यात कुटलेली ती चटणी त्या हिवाळ्यात रोज पानात होती.)

फीडर निवडणं सोपं गेलं. नायजरचा ट्यूब फीडर म्हणजे उंच पारदर्शक नळी, तिला दाणा जेमतेम बाहेर येईल एवढ्या बारीक चिरा आणि प्रत्येक चिरेखाली बसायला छोटी दांडी. नेहमीच्या फीडरची भोकं मोठी असतात. त्यांतून कारळे भसाभस सांडतात. बारीक जाळीची पिशवीही मिळते. तिला पक्षी कुठूनही लटकू शकतात, पण पाऊस-बर्फात ती भिजते, दाण्याला बुरशी येते आणि ती धुणं अवघड जातं, म्हणून मी ती घेतली नाही. एक तिसरा प्रकार आहे, दांडी वर आणि चीर खाली असा. दाणा काढायला पक्ष्याला डोकं खाली करून लोंबकळावं लागतं. गोल्डफिंच आणि त्याचाच लहानसा भाऊबंद सिस्किन हे स्वीटगमच्या बोंडांना तसेच लोंबकळत असतात, त्यामुळे त्यांना ते सहज जमतं. घरचिमण्या आणि हाऊस फिंच यांना जड जातं. ज्यांच्याकडे चिमण्यांची फार गर्दी होते त्यांनी हा जरूर घ्यावा. खारी नायजरच्या वाट्याला सहसा जात नाहीत, मात्र सूर्यफुलाच्या फीडरखाली खांबाला पत्र्याची छत्री बसवावीच लागते.

जागेचा विचार मी जास्त केला. अमेरिकेत दरवर्षी कोट्यवधी पक्षी खिडक्यांच्या काचांवर आपटून मरतात. २०१४ च्या एका अभ्यासात हा आकडा साडेछत्तीस कोटींपासून जवळजवळ ९९ कोटींपर्यंत असावा असा अंदाज आहे. काचेत झाडांचं प्रतिबिंब दिसतं आणि पक्षी त्यात घुसायला जातो. फीडर एकतर खिडकीपासून तीन फुटांच्या आत हवा, म्हणजे पक्षी उडाला तरी काचेशी पोचेपर्यंत त्याला वेग येत नाही, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. मधलं अंतर धोक्याचं. आम्हाला आईंसाठी जवळच हवा होता, म्हणून आकडीचा लोखंडी खांब खिडकीपासून हातभर अंतरावर रोवला आणि काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर पांढरे ठिपके चिकटवले. ठिपके आतून लावले तर प्रतिबिंब मोडत नाही. दहा-बारा फुटांवर हॉलीचं दाट झुडूप होतं. पक्ष्यांना दडायला ते आयतंच मिळालं.

आणि मग वाट बघणं. ताजा दाणा, योग्य फीडर, योग्य जागा, आणि तरीही काही आठवडे एक फिंच फिरकला नाही. चिकडी यायच्या, सूर्यफुलाचा एक तुकडा उचलून झाडावर पळायच्या. खाली जमिनीवर जंको सांडलेलं टिपत फिरायचे. वर स्वीटगमवर गोल्डफिंचचा थवा रोज दिसायचा, उडताना तो खालीवर हेलकावे घेत जायचा आणि ‘पो-टॅ-टो-चिप’ असा त्यांचा आवाज यायचा. शेजारच्या बाई म्हणायच्या, झाडावर खायला आहे तोवर ते कशाला येतील? हेच खरं आहे. फीडर हे रानातल्या खाण्याच्या जोडीला असतं, त्याच्या जागी नाही. मी एवढंच केलं, की पाऊस पडून गेला की ओला दाणा काढून टाकायचा, कोरडा भरायचा, आणि रोज सकाळी नळी हलवून गाठी मोडायच्या. ओल्या कारळ्यांचा तळाशी घट्ट गोळा होतो. वरून नळी भरलेली दिसते आणि खाली पक्ष्याला काहीच मिळत नाही.

नोव्हेंबर सरता सरता एक करडा-हिरवट पक्षी दांडीवर येऊन बसला आणि उठलाच नाही. चिकडीसारखी पळापळ नाही. एकेक दाणा चोचीत फिरवून साल काढायची, साल खाली टाकायची, पुढचा घ्यायचा. आईंनी मला हाक मारली नाही, कारण आवाजाने तो उडेल अशी त्यांना भीती वाटली. मी मीटिंग संपवून आले तेव्हा त्यांनी बोटानेच दाखवलं. आठवड्याभरात सगळ्या दांड्या भरल्या आणि हॉलीवर रांगेत बसलेले वेगळे. एकाला विश्वास वाटला की बाकीचे मागोमाग येतात, हे थव्याने राहणाऱ्या पक्ष्याचं वैशिष्ट्य. फीडरखाली काळा थर साचला तेव्हा मुलगी म्हणाली, “हे तर सगळं सांडताहेत!” हातात घेऊन बघितलं तर नुसती टरफलं होती, प्रत्येक मधोमध चिरलेलं.

त्या वर्षी आम्हाला आणखी एक पाहुणा मिळाला. कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात स्प्रूस आणि बर्चला ज्या वर्षी बी कमी येतं त्या वर्षी तिथले फिंच खाण्याच्या शोधात दक्षिणेला उतरतात. कुठल्या झाडाला किती बी आलंय याच्या बातम्या जमवून दर शरदात तिकडचा एक अंदाज प्रसिद्ध होतो, ‘विंटर फिंच फोरकास्ट’. रॉन पिटावे यांनी तो सुरू केला आणि २०२० पासून टायलर होअर ते काम करतात. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन प्रचंड संख्येने उतरले. पार दक्षिणेकडच्या राज्यांपर्यंत पोचले. आमच्या अंगणात ते आले तेव्हा आईंना आधी ते चिमणीची पिल्लं वाटले. तपकिरी, अंगभर रेघा, बारीक सुईसारखी चोच आणि पंखात पिवळी रेष. आकाराने गोल्डफिंचएवढाच, पण स्वभाव फार वेगळा. गोल्डफिंच आपापली दांडी धरून शांतपणे खातो. सिस्किन पंख पसरून, चोच वासून शेजाऱ्यावर धावून जातो. एका दांडीसाठी दोन सिस्किन हवेत समोरासमोर भांडत वर जायचे, तेवढ्यात तिसरा ती जागा घ्यायचा.

या पक्ष्यांचं वजन दहा-वीस ग्रॅमच्या घरात असतं. एवढ्याशा देहाने उणे दहा अंशांची पंधरा तासांची रात्र काढायची म्हणजे काय, हे मला फीडर लावेपर्यंत जाणवलं नव्हतं. सिस्किन अन्ननलिकेच्या पिशवीत आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं बी साठवू शकतो. तेवढ्यावर गोठवणाऱ्या थंडीत रात्रीचे पाच-सहा तास निघतात. त्याच्या शरीराची भट्टी तेवढ्याच आकाराच्या इतर पक्ष्यांपेक्षा साधारण चाळीस टक्के जास्त जोरात चालते. म्हणूनच संध्याकाळी उजेड जाण्याआधीचा तास आणि सकाळचा पहिला तास या दोन वेळा फीडर भरलेलाच हवा. दिवसातल्या बाकीच्या वेळी थोडं मागेपुढे झालं तर चालतं.

३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२१ या दिवसांत मोठं हिमवादळ झालं. उत्तर जर्सीत काही ठिकाणी तीस इंचांहून जास्त बर्फ पडला. आमच्याकडे डेकचा कठडा बुडाला. स्वीटगमच्या फांद्या गोठलेल्या, जमिनीवरचं सगळं गाडलेलं. अशाच वेळी दाण्याचा खरा उपयोग होतो. विस्कॉन्सिनमध्ये चिकडींवर झालेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की फीडर मिळालेल्या चिकडींपैकी ६९ टक्के हिवाळा पार करून जगल्या, न मिळालेल्यांपैकी ३७ टक्के, आणि हा फरक मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांतला होता. आम्ही दर दोन-तीन तासांनी बाहेर जाऊन चिरांवरचा बर्फ ब्रशने झाडायचो. खाली जमिनीवर एक चौकोन फावड्याने मोकळा केला आणि त्यावर थोडे सूर्यफुलाचे तुकडे टाकले, कारण जंको आणि होल्यांना नळीवर बसता येत नाही. पाण्यासाठी विजेवर गरम राहणारं पसरट भांडं आधीच ठेवलं होतं. सगळं गोठलेलं असताना पाणी मिळणं पक्ष्यांसाठी किती मोलाचं असतं ते त्या दिवसांत कळलं. दाण्याला कधी न येणारे ब्लूबर्डसुद्धा पाण्याला आले.

पक्षी जमतात तिथे ससाणाही येतो. शार्प-शिन्ड हॉक हा लहानसा शिकारी. तो आला की भर गर्दीतला आवाज एका क्षणात थांबतो आणि फीडरवरचे फिंच जिथल्या तिथे थिजतात, मान न हलवता, बराच वेळ. मुलीने एकदा काच वाजवून त्याला हाकलायला बघितलं. आईंनी तिला अडवलं. म्हणाल्या, “त्यालाही थंडी आहे, सोन्या.” माझंही मत तेच आहे. दाणा खाणारा तेवढा आपला आणि पक्षी खाणारा परका, अशी वाटणी मला करता येत नाही. मात्र ससाण्याने अंगणात ठाणच मांडलं तर फीडर काही दिवस रिकामा ठेवावा, थवा पांगतो आणि ससाणा पुढे जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फेब्रुवारीच्या मध्यावर एक हाऊस फिंच एकटाच दांडीवर बसलेला दिसला. पिसं फुगवलेली, हालचाल मंद, एक डोळा सुजून बंद झालेला, भोवती खपली. हाऊस फिंच मूळचा अमेरिकेच्या पश्चिमेकडचा. १९४० च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये तो पिंजऱ्यात घालून ‘हॉलिवूड फिंच’ म्हणून विकला जायचा. तो व्यापार बेकायदा ठरल्यावर काही विक्रेत्यांनी लाँग आयलंडवर पक्षी सोडून दिले आणि त्यांची प्रजा पूर्वेकडे सगळीकडे पसरली. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या आसपास त्यांच्यात डोळ्यांचा आजार दिसला. कोंबड्यांना होणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूचा हा संसर्ग. पक्षी आंधळा होतो आणि मग उपासाने किंवा शिकाऱ्याच्या तोंडी मरतो. गोल्डफिंचनाही तो होतो. एका पक्ष्याने दांडीवर डोळा घासला, त्याच दांडीवर पुढचा येऊन बसला, की संसर्ग पुढे जातो.

रानात हे पक्षी एकाच जागी इतक्या दाटीने, दिवसेंदिवस खात नसतात. ही दाटी मी केलेली होती, त्यामुळे ती मोडणंही माझंच काम होतं. मी त्याच दुपारी सगळे फीडर काढले. आईंना वाईट वाटलं, भर थंडीत पाखरांचं ताट काढून घेतलं म्हणून. मी त्यांना तो डोळा दुर्बिणीतून दाखवला. त्यानंतर त्यांनी एका शब्दानेही अडवलं नाही. फीडर पूर्ण सुटे केले, साबणाच्या पाण्याने घासले, मग नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून त्यात दहा मिनिटं बुडवले, स्वच्छ पाण्याने धुतले आणि पार कोरडे होईपर्यंत ठेवले. खालचा टरफलांचा थर हातमोजे घालून खरवडला आणि कचऱ्यात टाकला. पक्षी पांगावेत म्हणून फीडर पुन्हा लावले ते बऱ्याच दिवसांनी, आणि लावताना एकमेकांपासून दूर.

त्याच सुमारास सिस्किनमध्ये साल्मोनेला जिवाणूची साथ पसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या. अंगणात फुगून बसलेले, माणूस जवळ गेला तरी न उडणारे सिस्किन लोकांना दिसत होते. त्या वसंतात सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, जाहीर केलं, की पक्ष्यांशी संबंध असलेल्या या संसर्गाने बारा राज्यांत २९ माणसंही आजारी पडली आहेत. अनेक राज्यांनी लोकांना फीडर काही काळ काढून ठेवायला सांगितलं. आम्ही ते ऐकलं. फीडर लावायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते, रंगीत फोटो दाखवायच्या आधी: दोन आठवड्यांतून एकदा धुणं जमणार नसेल तर फीडर लावू नका, त्यापेक्षा एक रोप लावा. धुताना हातमोजे घाला, आणि ते काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका.

आजारी पक्षी ओळखता आला, कारण आम्ही रोज नीट बघत होतो, आणि नीट बघायची सवय मोजणीमुळे लागली. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि बर्ड्स कॅनडा मिळून ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ चालवतात. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात लागोपाठ दोन दिवस फीडरवर बघायचं, आणि प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले तेवढं नोंदवायचं. एकाच पक्ष्याची दोनदा मोजणी होऊ नये म्हणून ही पद्धत. हाऊस फिंचच्या डोळ्यांचा आजार किती पसरलाय हेही अशाच घरोघरच्या नोंदींतून कळत आलं आहे. आमच्याकडे वही आईंकडे होती. त्या मराठीत लिहायच्या: गोल्डफिंच, सिस्किन, आणि हाऊस फिंचला त्यांचा शब्द ‘कुंकवाळी’, कारण नराच्या कपाळापासून छातीपर्यंत लाली असते. रविवारी संध्याकाळी मुलगी ते आकडे संगणकावर भरायची.

मार्चच्या शेवटी नरांवर पिवळे ठिपके उमटू लागले. आधी गळ्यावर, मग छातीवर, आणि काही दिवस पक्षी अगदी ठिगळं लावल्यासारखा दिसतो. एप्रिल संपता संपता तो पूर्ण पिवळा, डोक्यावर काळी टोपी, चोच पुन्हा नारिंगी. सिस्किन उत्तरेकडे परतले. गोल्डफिंच मात्र घाईत नसतो. बाकीच्यांची पिल्लं उडायला लागली तरी हा घरटं बांधत नाही. जुलैमध्ये थिसल या काटेरी रोपाला बी आणि म्हातारीचा कापूस धरला की मग तो त्या कापसाचं अस्तर लावून घरटं करतो आणि पिल्लांनाही जवळजवळ फक्त बीच भरवतो. काउबर्ड दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी टाकतो, तशी याच्याही टाकतो, पण किड्यांवाचून काउबर्डचं पिल्लू तिथे फार दिवस जगत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही अंगणाची एक पट्टी गवतातून काढून तिथे जांभळे कोनफ्लॉवर, ब्लॅक-आयड सूझन आणि अ‍ॅस्टर लावले. ही सगळी इथलीच रोपं. शरदात त्यांची वाळलेली डोकी कापायची नाहीत, एवढाच नियम. आमच्या वसाहतीच्या समितीला वाळके देठ आवडत नाहीत, त्यामुळे ती पट्टी रस्त्यावरून दिसणार नाही अशी मागच्या बाजूला केली. पहिल्या ऑक्टोबरातच गोल्डफिंच त्या डोक्यांवर बसून बी उपसू लागले. फीडरवर गर्दी कमी झाली आणि मला तेच हवं होतं. आता दाणा मी डिसेंबर ते मार्चच ठेवते, बाकीचं काम झाडं करतात.

आई २०२१ च्या शेवटी नाशिकला परतल्या. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. १९९८ मध्ये तो अमेरिकेत सुरू झाला आणि २०१३ पासून भारतातही लोक त्यात मोजणी करतात. आई त्यांच्या गच्चीवरून करतात, पंधरा मिनिटं, सकाळच्या चहानंतर. कुंडीत त्यांनी मुद्दाम थोडी नागली आणि राळा पेरला आहे, आणि त्यावर ठिपकेवाल्या मुनिया येतात. मुनिया म्हणजे खरे फिंच नव्हेत, त्यांचं कुळ वेगळं, पण बी सोलायची तऱ्हा अगदी तीच. एका फेब्रुवारीत फोनवर त्यांनी आपली यादी वाचून दाखवली: मुनिया, बुलबुल, शिंजीर, होला, साळुंकी. मग विचारलं, “सिस्किन आले का गं यंदा?”

“नाही आई. कॅनडात यंदा स्प्रूसला भरपूर बी आहे म्हणतात.”

“मग बरंच की,” त्या म्हणाल्या, “घरचं खाऊन राहू देत. तुझी खुरासणी ताजी आहे ना, गोल्डफिंचसाठी?”

मी डबा उघडून चार दाणे कागदावर रगडले आणि तेलाचा डाग त्यांना कॅमेऱ्यात दाखवला.